लागता दिवा

भोंगा वाजला तेव्हा रियाच्या गालात वरणभाताचा घास होता. ती तो गिळतही नव्हती आणि थुंकतही नव्हती. घास गालात धरून खिडकीबाहेर बघत बसायचं, ही तिची अलीकडची खोड. मी ‘गिळ गं राणी, गिळ’ म्हणत होते, आणि तो आवाज कसला हे डोक्याला कळायच्या आधीच माझ्या छातीत काहीतरी सरकलं. ती तान्ही असताना आतल्या खोलीत रडली की सरकायचं, तसंच. अंगावरचं दूध तुटून कितीतरी महिने झाले, पण शरीराला कोण सांगणार. मग वास आला. जळक्या वायरचा, किंचित गोडसर, घशात बसणारा. मी उठले, गॅसचं बटण फिरवलं, रियाला कडेवर घेतलं, ओढणी नळाखाली धरून तिच्या नाकातोंडावर दाबली. हे सगळं मी इतकं नीट केलं की माझं मलाच नवल वाटलं. सोसायटीच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं, त्याच क्रमानं. आणि मग देवघरापाशी जाऊन म्हटलं, “आई, चला. लवकर.”

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई, घटासमोर पाटावर बसून झेंडूची माळ ओवत होत्या. नवरात्रातली तिसरी माळ. घटाखालच्या मातीला नुकती भेग पडून धान्याचे पांढरे कोंब वर डोकावत होते, बाजूला समईत अखंड दिवा. त्यांनी मान वर केली नाही.

“तू जा गो.”

“आई, खरंच धूर आहे. वास येतोय बघा.”

“येतंय ना. मंग जा, पोरीला घेऊन जा. घट बसलेत. घर रिकामं नाय ठेवायचं.”

“असं काय करता!”

“जा म्हन्ते ना, पूर्वी.” दोरा दातानं तोडत त्या म्हणाल्या.

आणि मी गेले. अकराव्या मजल्यावरून खाली जाताना जिन्यात कुणाकुणाचे चपलांचे रॅक, एक तीनचाकी सायकल, कुणाचं तरी टाकायला काढलेलं आणि कधीच न टाकलेलं वॉशिंग मशीन, आगीच्या वेळी आपोआप मिटायला हवीत म्हणून बसवलेली आणि परकराच्या नाडीनं कठड्याला बांधून कायम उघडी ठेवलेली जाड दारं, हे सगळं मला लख्ख दिसत होतं, कारण हे हलवा म्हणून मीच दारोदार फिरले होते. रियाचं वजन दर मजल्याला वाढत होतं. ती ओढणीखालून घास चघळत होती. मला आठवतं, सातव्या की सहाव्या मजल्याच्या वळणावर मला हलकं वाटलं. धुराचा वास तिथं कमी होता, माझं पोर माझ्या अंगावर होतं, आणि क्षणभर मला वाटलं, सुटलो. आपण. ‘आपण’ या शब्दात त्या क्षणी कोण कोण होतं हे मी तेव्हा पाहिलं नाही.

खाली पार्किंगमध्ये ‘एकत्र जमण्याची जागा’ अशी हिरवी पाटी आहे, तिच्याखाली एरवी गाड्या लागतात. तिथं माणसं उभी होती. घाबरलेली माणसं घरातून काय घेऊन निघतात याचं मला हसू आलं असतं, पण आलं नाही. एकाच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. एक बाई तापल्या दुधाचं पातेलं सांडशीत धरून उभी होती. आमचे सेक्रेटरी सत्यजीत शिर्के हातात माइक घेऊन मजल्यांची नावं पुकारत होते. मोठे मॅनेजर, खारघरला ऑफिस, पण त्या दिवशी नेमके घरी. “अकरावा? पूर्वीताई, तुमचा मजला? सगळे आले?”

“आई येताहेत मागून,” मी म्हटलं.

मी जिन्याच्या दाराकडे बघत राहिले. मला माहीत होतं त्या येणार नाहीत, आणि तरी बघत राहिले, जणू बघण्यानं माझं वाक्य खरं होईल. वर आमच्या खिडकीच्या जाळीत रियाची पिवळी चड्डी वाळत होती. इतक्या खालून ती झेंडूच्या फुलाएवढी दिसत होती. त्या पिवळ्या ठिपक्याच्या आत, भिंतीच्या पलीकडे, एक बाई माळ ओवत बसली आहे. मी कधी नवस बोललेली नाही. त्या दिवशी काय बोलले, कुणाला, ते आठवत नाही. आग अशी नव्हतीच. चौथ्या मजल्यावर विजेच्या डक्टमध्ये वायर जळली होती. वॉचमनने मेन बंद करून लाल सिलिंडर रिकामं केलं आणि संपलं. वर जायला हरकत नाही असं माइकवर सांगितलं तेव्हा लोक हसत, एकमेकांच्या हातातल्या वस्तू बघत लिफ्टकडे निघाले. लिफ्ट बंद होती. मी चढत गेले.

दार उघडंच होतं. घरभर झेंडूचा आणि जळक्या प्लास्टिकचा मिळून एक वास. माळ घटावर चढली होती. “आलीस? भात निवला बघ तिचा,” आई म्हणाल्या, आणि रियाचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. एवढंच. डाळ गरम करताना पातेल्यात पळी फिरल्याचा आवाज येत राहिला.

मी या मजल्याची फायर वॉर्डन आहे. मराठीत ‘मजला सुरक्षा प्रमुख’ असं त्या नारंगी जॅकेटच्या पाठीवर छापलंय. माझी निवड कशी झाली, तर सोसायटीच्या सभेत शिर्के म्हणाले, “पूर्वीताई घरीच असतात,” आणि सगळ्यांनी मान हलवली. घरीच असतात. रिया झाल्यापासून मी घरीच असते, हे खरं. नोकरी सोडताना भावेश म्हणाला होता, वर्षभराचा तर प्रश्न आहे. तो द्रोणागिरीला गोदामांच्या कामात असतो. सकाळी जातो तो कंटेनरच्या धुळीनं भुवया पांढऱ्या करून अंधार पडल्यावर येतो. त्या वर्षाचं पुढं काय झालं ते आम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही. प्रशिक्षणाला आले होते ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ, नाव धर्मराज. मी घरी येऊन नाव सांगितलं तेव्हा आई पोट धरधरून हसल्या होत्या. “धर्मराज सोता आला बोलवायला? मंग उतरायलाच लागल, खाली नायतर वर!” बारीक अंगाचे, हळू बोलणारे होते धर्मराज. ते म्हणाले, “लोक आगीनं कमी मरतात, मागे वळल्यानं जास्त. कपाट, दागिने, फाइल, मोबाइल. काही घ्यायचं नाही. फक्त माणूस घ्यायचं. दार ओढून घ्या, पण कुलूप लावू नका.” मग त्यांनी विचारलं, आपल्या मजल्यावर कुणाला उतरायला मदत लागेल हे प्रत्येकानं मनात आणा. मी मनात आणलं: रिया. आमच्या शेजारचे लकव्याचे काका. आईंचे गुडघे. त्या वेळी आई आल्या होत्या मनात. भोंगा वाजल्यावरच्या क्रमात नव्हत्या, किंवा होत्या, पण ‘चला’ एवढ्यापुरत्या.

मूल झाल्यावर घराकडे बघायची नजर बदलते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक वस्तू आधी काय करू शकते ते दिसतं आणि मग ती काय आहे ते. बादली म्हणजे बुडणं. पडद्याची दोरी म्हणजे गळा. खिडकी म्हणजे खिडकी नाहीच. पहिल्या वर्षी मीच हट्ट करून खिडक्यांना जाड जाळ्या बसवून घेतल्या, बोट जाणार नाही अशा, आणि प्रशिक्षणाच्या वेळी धर्मराज खालूनच जाळीकडे बोट दाखवून म्हणाले, “यात उघडणारी झडप ठेवा मॅडम, आगीच्या वेळी शिडी लागली तर माणूस बाहेर कुठून काढणार?” म्हणजे पडू नये म्हणून जे बंद केलं ते जळू नये म्हणून उघडायचं. मी हो म्हटलं. वेल्डर येऊन झडप कापून गेला, आता तिला कडी आहे, आणि ती कडी रियाच्या हाताला कधी येईल हे मी रोज तिच्या उंचीकडे बघून मोजते. असं हे सगळं चालतं, दिवसभर, डोक्याच्या मागच्या बाजूला, फ्रिजच्या घरघरीसारखं. ते बंद झालं की कळेल किती वेळ चालू होतं. प्रशिक्षणाहून आल्यावर मी ऑनलाइन एक काचेचा अखंड दिवा मागवला होता. पितळी बूड, कान, वर काचेची उंच चिमणी. वाऱ्यानं ज्योत हलत नाही, पडदा उडून आला तरी पेटत नाही. आईंनी तो हातात फिरवून बघितला. “देवीला काचंत कोंडतेस काय गो?” म्हणाल्या, आणि माळ्यावर जुन्या मिक्सरमागे ठेवून दिला. समई तशीच उघडी राहिली. मी रात्री उठून तिच्याभोवतीचं कापड मागे सारत होते, त्या सकाळी परत पुढे आणत होत्या. याला भांडण म्हणत नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी भावेश घरी आला तो पायऱ्या चढत, घामाघूम, खालूनच सगळं ऐकून. “आई, तू खाली का नाय उतरलीस?”

“घट बसलेत ना.”

“अगं घट बसलेत म्हणून काय जळून मरशील?”

“मेली का? बसलीय ना तुझ्याम्होरं.”

“बाबा असते तर उचलून नेलं असतं तुला.”

“तुझा बापूस? त्याला माझी कळशी उचलवत नव्हती, मना काय उचलतं!” रिया हसली म्हणून आम्हीही हसलो. मग भावेश माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाला, “पण तू कशी सोडून आलीस तिला?” त्यात राग नव्हता. दमलेल्या माणसाच्या तोंडून प्रश्न निघतो तसा निघाला, आणि तो लगेच मोजे काढायला वाकला. त्याला उत्तर नकोच होतं. मला हवं होतं, आणि पुढचे काही दिवस मी ते शोधत होते, कुकरची शिटी मोजताना, रियाच्या केसांतला गुंता सोडवताना, भाजी निवडताना. मी त्यांना ओढायला हवं होतं का? एका कडेवर पोर, एका हातानं ओढून आणता येतं का माणूस? ओढायला लागले असते आणि त्या नाही म्हणाल्या असत्या, तर मी किती वेळ ओढलं असतं? कुठल्या क्षणी सोडलं असतं? या प्रश्नाला एक उत्तर आहे आणि ते मला माहीत आहे असं वाटायचं, मग मी उठून दुसरं काम काढायची.

पाचव्या माळेला शिर्क्यांचा फोन आला. रविवारी कवायत ठेवली आहे, भोंगा वाजवणार, धर्मराज स्वतः येणार. “मागच्या वेळी तुमच्या मजल्यावरून एक व्यक्ती कमी होती, पूर्वीताई. तुम्ही येताहेत म्हणालात. खरी आग असती तर आम्ही माणूस आत नाही असं समजलो असतो. समजतंय ना?” आवाज सौम्य होता त्यांचा. “तुमच्याच घरातलं माणूस येत नसेल तर मजल्यावर बाकीच्यांना तुम्ही काय सांगणार?” मी हो, हो म्हणत होते. समोर शेजारची दमयंतीताई तिचा चपलांचा रॅक परत जिन्यात सरकवत होती. मी बघतेय हे बघून म्हणाली, “आगं, दसऱ्यापुरता. घासायला काढलाय.”

दुपारी रिया झोपली नव्हती. ती वाटीतून घटावर पाणी शिंपडत होती, अर्धं घटावर अर्धं फरशीवर. कोंब आता बोटभर झाले होते, फिकट हिरवे, उन्हाकडे वाकलेले. आई आणि मी मेथी निवडत बसलो होतो. मी कवायतीचं सांगितलं. रविवारी फक्त थोडा वेळ, खोटं खोटं, खाली जायचं आणि परत यायचं.

“तुमी या जाऊन.”

“आई, आपल्या घरचं कुणी मागे राहून चालणार नाही. माझ्यावर येतं.”

“घट बसल्यावर घरात मानूस लागतं पूर्वी. तुमच्याकडं नसल. आमच्यात लागतं.”

“दमयंतीताईंकडे पण घट आहेत. त्या आल्या होत्या.”

“ती कुलूप ठोकून सिनेमाला बी जाते.”

मी काड्या आणि पानं वेगळी करत राहिले. मला फार थकवा आला होता. बोलण्यानं येतो तसा नव्हे, आपण बरोबर आहोत हे माहीत असताना येतो तो. मग मी सहज म्हटलं, भांडायला नव्हे, खरंच सहज, “नवरात्र नसतं तर आला असतात?”

त्यांनी एक जुडी संपवली. “काय म्हाईत,” म्हणाल्या. “भोंगा वाजवून बाहेर या म्हनतात ना, तवा माझे पाय हलत नाय.”

गाव प्रकल्पात गेलं हे मला माहीत होतं. लग्नात आलेल्या पाहुण्यांतले निम्मे त्याच गावचे होते, आता चार ठिकाणी विखुरलेले, आणि जेवताना प्रत्येक जण दुसऱ्याला ‘आता कुठं राहतोस’ असं विचारत होता. खाडीच्या काठचं गाव, पुढं मिठागरं, मागं शेती. घराचा फोटो आहे भावेशच्या मोबाइलमध्ये; त्याचे वडील काशीराम ओट्यावर बसलेले, मागे दाराच्या चौकटीचा तुकडा. मला वाटायचं ही गोष्ट पूर्ण झालेली आहे. प्लॉट मिळाला, विकला, हे घर घेतलं. सासरे इथं दोन पावसाळे राहून गेले. त्या गोष्टीत काही शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं.

“सामान तं आधीच नेलं व्हतं,” आई म्हणाल्या. “भाड्याच्या घरात. त्या सकाली मी न तुझे सासरे परत गेलो. मना झाडून काढायचं व्हतं. ते म्हनले, पाडायचं घर कोन झाडतं, येडी हायस काय. मी झाडलं. सारवलं बी थोडं, देवाच्या कोनाड्यापुढं. कोनाड्यात पनती ठेवून लावली. रोजच्यासारखी. तं गाडी आली भोंग्याची. सर्वांनी घराबाहेर यावे, सर्वांनी घराबाहेर यावे. मना वाटलं हजेरी हाय. नावं घेतील न सोडतील. तशीच आली बाहेर, हात सारवनाचं.”

रियानं वाटी उपडी केली. आईंनी पदरानं पाणी टिपलं.

“मंग आत सोडीनात. मशीन चालू झाली व्हती वरच्या आळीला. एक पोलीस व्हता, पोरगाच, चांगला व्हता बिचारा. मी म्हनलं, बाला, दिवा हाय आत, लागता हाय, मालवून येते. तो म्हनला, मावशी, दिवाच हाय ना, नव्या घरात नवा लावा.” त्यांनी मेथीची एक काडी खुडली. “वाईट नाय बोलला तो. पन लागता व्हता गो. मालवला असता, हात जोडला असता, तं निघून आली असती मी. लागता ठेवून आली.”

मेथीचा वास बोटांना लागला होता. मला ते घर दिसलं, जे मी कधी पाहिलं नाही: ओलं सारवण, कोनाडा, आत कुणी नाही, आणि एक पणती जळते आहे, स्वतःच्या वेळेनं, भिंत अंगावर येईपर्यंत. मग मला आमची खिडकी दिसली, खालून, झेंडूएवढा पिवळा ठिपका. मी ज्या दिवशी वर बघत उभी होते त्या दिवशी त्या आत एकट्या बसल्या नव्हत्याच. त्यांनी या वेळी दिव्याला सोडलं नव्हतं, एवढंच. आणि त्यांना सोडून कोण गेलं होतं हे त्यांनी एकदाही काढलं नाही.

रविवारी सातवी माळ. भावेशला सुट्टी नव्हती. एक जहाज उशिरा लागलं होतं. मी नारंगी जॅकेट घातलं, ते रियाला फार आवडतं. शेजारच्या लकव्याच्या काकांना खुर्चीवरून नेणारी माणसं ठरली होती, रॅक आत गेले होते, नाड्या सोडून जाड दारं मिटली होती. सगळं जसं असायला हवं तसं, एका दिवसापुरतं. भोंगा वाजला. छातीत सरकलं, खोटं आहे हे माहीत असूनही. जिन्यात पावलं, हसणं, ‘अरे हळू’, कुणाचं तरी पोर ओरडतंय. मी दमयंतीताईंना पुढे घातलं, बाकीची दारं वाजवली, मजला रिकामा झाला तसं घरात आले आणि घटासमोर आईंच्या शेजारी फरशीवर बसले. रियाला मांडीत घेतलं.

“बसलीस काय? जा ना.”

“नाही जात.”

“आजची खोटी हाय ना?”

“खोटी आहे.”

“मंग कशाला बसलीस? खऱ्याच्या दिवशी पन बसशील काय अशी, पोरीला घेऊन?”

इथं मला हो म्हणता आलं असतं. कुठल्याही चांगल्या सुनेला म्हणता आलं असतं, आणि त्याही ‘येडी’ म्हणून हसल्या असत्या, आणि कदाचित उठल्याही असत्या. भोंगा वाजत होता. रिया माझ्या जॅकेटची चकाकती पट्टी नखानं ओरबाडत होती, तिच्या डोक्याला तेलाचा, झोपेचा वास येत होता. आणि मला ते उत्तर सापडलं जे मी इतके दिवस भाजीखाली, कपड्यांखाली दडपत होते. ते सापडल्यावर भीती वाटली नाही, फार दमायला झालं फक्त.

“नाही बसणार,” मी म्हटलं. “खऱ्या दिवशी मी हिला घेऊन जाईन, आई. परवा गेले तशीच. मागं वळून बघणार पण नाही. मला नाही जमणार.” माझा आवाज कसा येत होता कुणास ठाऊक. “म्हणून म्हणते. आज चला. एकदा उतरून बघा माझ्याबरोबर. म्हणजे त्या दिवशी तुमचे पाय हलतील.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी असं सरळ. मग रियाच्या पायातलं निसटलेलं पैंजण वर सरकवलं.

“बराबर हाय,” म्हणाल्या. “पोर पयली. मी बी तेच केलं असतं.” आणि गुडघ्यावर हात देऊन उठत, “ती काच काढ गो तुझी. माळ्यावरची.”

मी स्टुलावर चढले. मिक्सरमागे हात घातला तर बोटांना धूळ आणि थंड पितळ लागलं. आईंनी चिमणी पदरानं पुसली, तेल ओतलं, नवी वात समईच्या ज्योतीला टेकवली. दोन्ही ज्योती क्षणभर एक झाल्या आणि मग वेगळ्या. समईतली वात त्यांनी तेलात ओढून मालवली, हात जोडले. काच बसवली. “मना कठड्याला धरायला लागल,” म्हणाल्या. “दिवा तू घे. पोरीला मी बोटाला धरते.” दार ओढून घेतलं, कुलूप लावलं नाही. कुलूप नको असं धर्मराजांनीही सांगितलं होतं.

सगळे केव्हाच उतरून गेले होते. जिन्यात आम्ही तिघीच. आई एक एक पायरी, आधी उजवा पाय, मग त्याच्या शेजारी डावा. रिया त्यांचं बोट धरून तशीच, आजीची नक्कल करत, गुडघा दुखल्याचा आव आणत. “बय गो,” आई म्हणत, मागून रियाही, “बय गो.” मी मागून दिवा घेऊन. जिन्यात दिवसाही अंधार असतो, आणि काचेतला उजेड त्यांच्या पाठींवर, भिंतीवर लिहिलेल्या मजल्यांच्या आकड्यांवर हलत होता. आगीपासून पळायचं शिकायला आग हातात घेऊन चाललेय, असं मनात आलं आणि मला हसू फुटलं. “काय झालं?” आईंनी न वळता विचारलं. “काही नाही. तुम्ही पायाखाली बघा.” अर्ध्यात त्या वळणावर बसल्या. मी उभीच राहिले. मांडीवर घ्यायला मला आता हातच नव्हता, आणि रिया त्यांच्या मांडीत जाऊन बसली. मला वाटलं, हे असंच चालावं, कुणी घाई करू नये, भोंगा वाजून वाजून आपला थांबावा.

खाली पोचलो तेव्हा सगळे ताटकळून पांगायला आले होते. शिर्के माइक घेऊन पुढे आले. “पूर्वीताई, केवढा वेळ! आणि हे काय? पेटता दिवा? कवायत आहे ही आगीची!” त्यांच्या मागून धर्मराज हळूहळू चालत आले. मी म्हटलं, “मागच्या वेळी आमच्याकडचं एक माणूस कमी होतं. आणलंय.”

धर्मराजांनी आधी आईंकडे बघितलं, मग काचेकडे. “मी म्हटलं होतं, काही घ्यायचं नाही.”

“हो.”

“घट बसलेत काय मावशी?”

“बसलेत,” आई म्हणाल्या, एखाद्या हजेरीला उत्तर द्यावं तशा.

त्यांनी मान हलवली. “खऱ्या वेळी हे चालणार नाही. काच तडकली तर पोरीच्या अंगावर जाईल.”

“खऱ्या वेळी मी मालवीन. हात जोडीन न येईन.”

“मग झालं,” धर्मराज म्हणाले, आणि शिर्क्यांकडे वळून, “अकरावा मजला पूर्ण लावा. तुम्ही जरा भिंतीच्या आडोशाला घ्या मॅडम, वारा आहे इथं.”

मी आडोशाला गेले. दमयंतीताई पुढे आली, चपला काढल्या, दिव्याला हात जोडले. तिचं बघून दुधाच्या पातेल्याची ती बाई आली. मग आणखी दोघी. शिर्के कपाळाला हात लावून म्हणाले, “अहो दर्शन नाहीये हे,” पण माइक चालू राहिला होता आणि ते सगळ्या पार्किंगला ऐकू गेलं.

आई मात्र कुणाकडेच बघत नव्हत्या. मान मागे टाकून त्या वर बघत होत्या, डोळ्यांवर पंजाची सावली धरून, जिथं मी परवा बघत होते तिथं. “आपली कंची गो?” “ती बघा, पिवळं फडकं आहे ना वाळत.” “हां.” थोड्या वेळानं, “उघडंच हाय ना दार?” “उघडंच आहे.” “न मंग वर सोडतील ना परत?”

“सोडतील, आई.”

“सगल्यांना?”

“सगळ्यांना.”

माइकवर सांगितलं, कवायत संपली, आपापल्या घरी जाण्यास हरकत नाही. लोक लिफ्टकडे सरकले. आई जागच्या हलल्या नाहीत. पहिली खेप वर गेली, दुसरी गेली. त्या दार मिटताना, उघडताना बघत होत्या, आत गेलेली माणसं खरंच गेली का ते. रिया त्यांच्या पायाला टेकून पेंगायला लागली होती. पितळी कान माझ्या बोटांत रुतला होता, हात खांद्यापासून बधिर झाला होता, आणि दमयंतीताई म्हणाली, “आण गं इकडे, मी धरते थोडा वेळ.”

“राहू दे,” मी म्हटलं.